एकांताचा जमाखर्च

'रेसिडेन्सी' हा शब्द मराठी कानाला नवा नाही, पण त्याची जुनी ओळख फारशी गोड नाही. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रज रेसिडेंटचा बंगला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, पेशव्यांच्या फौजेनं तो जाळला आणि रेसिडेंट एल्फिन्स्टनची पुस्तकं नि कागदपत्रं त्यात खाक झाली. नागपुरात सदरला रेसिडेन्सी रोड अजून आहे. रेसिडेंट म्हणजे दुसऱ्याच्या मुलखात येऊन राहणारा, पाहुणा म्हणवणारा आणि हळूहळू घरच्या कारभारात लक्ष घालणारा माणूस. आज एखादा चित्रकार, कवी किंवा नर्तक महिना-दोन महिने डोंगरातल्या गावात राहून काम करतो, त्यालाही आपण रेसिडेन्सीच म्हणतो. 'कलानिवास' म्हणता आलं असतं. मी जुना शब्द मुद्दाम ठेवला आहे. त्याला संशयाचा जो किंचित वास आहे, तो या अभ्यासात उपयोगी पडतो.

हे पुस्तक अशाच डोंगरी रेसिडेन्सींबद्दल आहे. वाचकांत कलेतिहासाचे विद्यार्थी असतील, नुकताच अर्ज भरून निकालाची वाट पाहणारे कलावंत असतील आणि ज्यांच्या गावात असे पाहुणे येऊन राहतात असेही कुणी असतील, अशी माझी आशा आहे. तिघांनाही या विषयात मोकळेपणानं शिरता यावं. पूर्वतयारी म्हणून फार काही लागत नाही. एकच सवय लावून घ्यावी लागते: कुणी 'मी डोंगरात एकटा होतो' असं म्हटलं, की पाणी कोण भरत होतं, हे विचारायची.

या विषयाची सुरुवात बहुतेक जण अमेरिकेपासून करतात. मी नाशिकपासून करतो.

पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. भिक्षू एरवी फिरते असत. पावसाळ्यात मात्र एका जागी मुक्काम करत, तो वर्षावास. उषवदातानं हे लेणं संघाला दिलं आणि सोबत तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ठेव कुठे, तर गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसरीकडे एक हजार, पाऊण टक्क्यानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. गणित करून पाहा. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस. वीस गुणिले बाराही दोनशे चाळीस. एक नाणं इकडचं तिकडे होत नाही. दुसऱ्या ठेवीचं व्याज नेमकं कशासाठी होतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

'हे सगळं आमच्याकडे आधीच होतं' असा दावा मला करायचा नाही. भिक्षू म्हणजे चित्रकार नव्हे आणि विहार म्हणजे स्टुडिओ नव्हे. पण या शिलालेखानं मला अभ्यासाची पद्धत शिकवली. डोंगरातल्या कोनाड्यात बसलेल्या माणसाचं ध्यान खाली गावातल्या मागांवर टांगलेलं होतं, आणि ते लपवावं असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. उलट भिंतीवर कोरून ठेवलं. कान्हेरी आणि जुन्नरच्या लेखांत पाण्याच्या टाक्यासाठी 'पोढी' हा शब्द येतो, आणि टाकं कुणी दान दिलं त्याचं नावही येतं. आजच्या किती रेसिडेन्सींच्या माहितीपत्रकात पाणी कुठून येतं हे छापलेलं असतं?

आता अमेरिका. संगीतकार एडवर्ड मॅक्डॉवेल आणि त्यांची पियानोवादक पत्नी मॅरियन यांनी न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो गावाजवळ शेत घेतलं होतं. तिथे १९०७ साली कलावंतांसाठी वसाहत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी एडवर्ड वारले. आज जगभर रेसिडेन्सीचं जे चित्र डोळ्यांसमोर येतं ते बरंचसं इथलं आहे: रानात विखुरलेल्या स्टुडिओ-झोपड्या, दुपारी दारात गुपचूप ठेवून जायची जेवणाची टोपली, आणि राहून गेलेल्यांनी सह्या केलेल्या लाकडी पाट्या. त्या पाट्यांना तिथे गमतीनं 'थडगी' म्हणतात. थॉर्नटन वाइल्डरनं 'अवर टाउन' या नाटकातलं गाव पीटरबरोवरून बेतलं. मॅरियन मात्र एडवर्डनंतर कित्येक वर्षं गावोगाव पियानोचे कार्यक्रम करून वसाहतीसाठी पैसा उभा करत राहिल्या. १९५६ साली वारल्या तेव्हा त्या नव्वदी ओलांडून कितीतरी पुढे गेल्या होत्या. इतरांना निवांत संगीत रचता यावं म्हणून एका वादक बाईनं आपली उमेद प्रवासात खर्च केली. टोपली सगळ्यांच्या लक्षात राहते, मॅरियनबाईंचे दौरे फारसे कुणाला आठवत नाहीत.

टोपलीचा विषय निघाला म्हणून स्वतःचं एक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी कुमाऊँमध्ये एका रेसिडेन्सीत तीन आठवडे राहिलो. माघाचे दिवस, बांजाच्या झाडांखाली बर्फाची ठिगळं अजून वितळायची होती. तिसऱ्या दिवशी पहाटे नळ गोठला. व्यवस्थापकांचा फोन लागेना. गावातली एक बाई स्वयंपाकाला यायची. तिनं न बोलता प्लास्टिकचे दोन कॅन उचलले आणि खालच्या नौल्यावरून पाणी आणलं. नौला म्हणजे झऱ्यावर बांधलेलं दगडी टाकं, आत उतरायला पायऱ्या, वर उतरतं छप्पर. मी खिडकीतून तिच्या खेपा मोजल्या. अंघोळीचं, स्वयंपाकाचं, भांड्यांचं धरून सहा. सहाव्या खेपेनंतर ती उंबऱ्यावर टेकली, माझ्या वह्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "दाज्यू, घरी लिहायला जागा नाही का तुम्हाला?" दाज्यू म्हणजे थोरला भाऊ. प्रश्नात टोमणा नव्हता, काळजी होती. मला उत्तर देता आलं नाही. मुक्काम संपल्यावर मी जो अहवाल लिहिला त्यात 'निर्मनुष्य शांतता' असे शब्द होते. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे, शरम वाटावी म्हणून. हे पुस्तक त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे, असं समजायला हरकत नाही.

हिमालयाच्या या बाजूला कलावंतांनी जाऊन राहण्याला शंभर वर्षांचा तरी इतिहास आहे. रशियन चित्रकार निकोलस रोरिक १९२८ पासून कुलू खोऱ्यातल्या नग्गरला राहिले. त्यांचे चिरंजीव स्वेतोस्लाव यांच्याशी बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणींचं लग्न झालं, एवढा धागा आपल्या वाचकाला पुरे. रोरिकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. कांगडा खोऱ्यातल्या अंद्रेट्याची गोष्ट मला जास्त ओढ लावते. नोरा रिचर्ड्स ही आयरिश नटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राध्यापक नवऱ्यासोबत लाहोरला आली, तिथल्या विद्यार्थ्यांना तिनं पंजाबीत नाटकं लिहायला लावली आणि पुढे धौलाधारच्या पायथ्याशी मातीचं घर बांधून राहिली. घर कुठलं, तर आसपासच्या गावकऱ्यांचं असतं तसंच, मातीच्या विटांचं आणि पाटीच्या दगडाचं छप्पर असलेलं. अंगणात उघड्यावर नाटकं होत आणि बघायला गावकरी येत. फाळणीनंतर चित्रकार शोभा सिंग तिथे स्थायिक झाले, आणखी पुढे कुंभारकामाचं केंद्र उभं राहिलं. अंद्रेट्यात कुणी 'रेसिडेन्सी' काढली नव्हती. एक बाई राहिली आणि तिच्यामुळे माणसं येत गेली. बाहेरून येऊन राहायचं तर गावासारख्या घरात राहायचं, हा तिचा साधा निर्णय मला कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा मोलाचा वाटतो.

आणि अल्मोडा. १९३८ साली नर्तक उदय शंकर यांनी अल्मोड्याजवळ सिमतोला इथे आपलं संस्कृतिकेंद्र उभारायला घेतलं. इंग्लंडमधल्या डार्टिंग्टन हॉलच्या एल्महर्स्ट दांपत्याचा त्याला आधार होता. गुरू म्हणून कथकळीचे शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमचे कंदप्पा पिल्लै, मणिपुरीचे अमुबी सिंग आणि संगीताला खुद्द उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. एवढी माणसं त्या काळात एका शहरात गोळा करणंसुद्धा कठीण होतं. ती एका टेकडीवर आली. झोहरा सेगल तिथे शिकवत होत्या. केंद्रानं छायानाट्याच्या पडद्यावर रामलीला केली, तेव्हा आजूबाजूच्या डोंगरांतून लोक ती बघायला आले. रामलीला कुमाऊँची स्वतःचीच होती, गावोगाव चालायची. तेव्हा केंद्रानं गावाला काही नवं शिकवलं असं म्हणता येत नाही. गावाचंच गावाला उजेड-सावलीतून परत दाखवलं. पुढे महायुद्ध आणि पैशाची ओढाताण यांत चाळीसच्या दशकाच्या पूर्वार्धातच केंद्र मिटलं.

अल्मोड्याचं काय झालं हे अल्मोड्यात शोधू नका, पुण्या-मुंबईत शोधा. तिथे शिकलेला एक तरुण १९४४ मध्ये पुण्यात प्रभात फिल्म कंपनीत नृत्यदिग्दर्शक म्हणून आला. त्याचं नाव गुरुदत्त. अल्मोड्यातलेच शांती बर्धन अंधेरीला इप्टा या नाट्यसंघटनेच्या मध्यवर्ती पथकात आले आणि १९५२ साली त्यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढलं. गुरुदत्तच्या चित्रपटांत गाण्याच्या वेळी माणसं ज्या रीतीनं हलतात, कॅमेरा ज्या रीतीनं त्यांच्याभोवती फिरतो, त्यात अल्मोडा किती, हा प्रश्न एखाद्या होतकरू अभ्यासकानं घ्यावा. उदय शंकर यांचा १९४८ चा 'कल्पना' आणि नंतरचे गुरुदत्तचे चित्रपट शेजारी ठेवून पाहिले तरी सुरुवात होईल.

कसौलीचीही तीच तऱ्हा. चित्रकार विवान सुंदरम यांनी १९७६ मध्ये आपल्या कुटुंबाच्या उन्हाळी घरात कसौली आर्ट सेंटर सुरू केलं. चित्रकारांची शिबिरं, नाटकाच्या कार्यशाळा, चर्चासत्रं तिथे १९९१ पर्यंत होत राहिली. १९८१ साली मुंबई आणि दिल्लीत 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन भरलं. त्यात सहा जण होते: स्वतः सुंदरम, भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि आपले सुधीर पटवर्धन. पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत आणि कामगारांची, इराणी हॉटेलांची, लोकलच्या आसपासची माणसं रंगवत. प्रदर्शनाच्या नावातच माणसं आहेत. देवदारांच्या सावलीत ज्यांच्या गप्पा रंगत, त्या मंडळींच्या चित्रांतून शहराची गर्दी उतरली. डोंगरात गेलेल्यानं डोंगरच काढावा अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांनी याचा विचार करावा. आपल्या कला महाविद्यालयांत 'आउटडोअर'ला जाणं म्हणजे मेणवलीचा घाट नाहीतर सह्याद्रीचा एखादा कडा कागदावर आणणं. ती शिस्त चांगली आहे आणि तिनं कितीतरी हात तयार केले, पण रेसिडेन्सी वेगळी. तिथे डोंगर समोर नसतो, पायाखाली असतो.

आता या पुस्तकात जे ठिकाण मला सगळ्यात जास्त झोंबलं तिथे जाऊ. जपानच्या निगाता प्रांतात तोकामाची नावाचं शहर आहे, डोंगर आणि भाताची उतरती खाचरं यांच्या मधोमध. हिवाळ्यात दोन-तीन मीटर बर्फ पडतो. तरुण टोकियोला गेले, शाळा बंद पडल्या, घरं ओस पडली. कोकणातल्या किंवा मावळातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. कुलूप आणि कुलपावरचा गंज आपल्याला ठाऊक आहे. तोकामाची आणि शेजारचं त्सुनान मिळून सातशे साठ चौरस किलोमीटरच्या या मुलखात फ्राम कितागावा यांनी २००० सालापासून दर तीन वर्षांनी 'एचिगो-त्सुमारी' हा कलामहोत्सव सुरू केला. कितागावा स्वतः निगाताचेच. कलाकृती एका दालनात नाहीत. शेतात, पडक्या घरांत, बंद शाळांत पसरलेल्या आहेत.

त्यातल्या दोन सांगतो. इल्या आणि एमिलिया काबाकोव्ह यांना एका उतारावरच्या खाचरांत नांगरणाऱ्या, लावणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या आकृती उभ्या करायच्या होत्या. ज्याची जमीन, तो म्हातारा शेतकरी आधी नाही म्हणाला. शेतात वाडवडिलांचा घाम आहे, तिथे कसले पुतळे उभे करता? मग काबाकोव्हनी नेमकं काय योजलं आहे हे त्याला समजलं, ते त्याच्याच कष्टांबद्दल आहे हे कळलं, आणि तो कबूल झाला. शेती सोडायच्या बेतात असलेला हा माणूस नंतर काही वर्षं तीच खाचरं करत राहिला. दुसरी गोष्ट होशितोगे गावातल्या घराची. एका कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ओसाड घराची प्रत्येक भिंत, खांब, तुळई आणि पायाखालची फळीसुद्धा छिन्नीनं खरवडून काढली. वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुरानं काळं झालेलं लाकूड होतं ते. छिन्नीच्या प्रत्येक घावाखाली आतलं फिकट लाकूड उघडं पडलं. आत शिरलं की घरानं कात टाकल्यासारखं वाटतं, आणि कलाकृतीचं नावही साधारण तेच आहे.

याच तोकामाचीत, बंद पडलेल्या एका शाळेच्या इमारतीत, १९८२ पासून मिथिला म्युझियम आहे. तोकिओ हासेगावा यांनी ते उभारलं. भारतातले मिथिला, वारली आणि गोंड चित्रकार तिथे बोलावले गेले, राहिले आणि तिथेच त्यांनी चित्रं केली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यांपैकी एक. सह्याद्रीच्या पायथ्याचा वारली चित्रकार बर्फाच्या गावात भाताची शेतं रंगवतो, आणि खिडकीबाहेरही भाताचीच शेतं आहेत. फक्त ती महिनोन्महिने बर्फाखाली. आणि इथेच जुलै २००१ मध्ये जनगढ सिंह श्याम यांनी, गोंड चित्रकलेला नवं रूप देणाऱ्या या माणसानं, आपलं आयुष्य संपवलं. त्यानंतर भारतात कलावंतांनी निषेध नोंदवला. परदेशी मुक्काम करणाऱ्या आदिवासी कलावंतांचे करार कुणी लिहायचे, त्यांची भाषा कुणाला येते, परतीची तारीख कोण ठरवतो, असे प्रश्न विचारले गेले. ज्यांनी आपणहून अर्ज भरला त्यांच्यासाठी दूरचा डोंगर म्हणजे सुटका असते. ज्याला बोलावून नेलं आहे, ज्याला आजूबाजूचं बोलणं कळत नाही, त्याच्यासाठी तोच डोंगर काय होतो, याची नोंद रेसिडेन्सीच्या इतिहासात फार थोडी आहे. ती नसेल तर हा विषय अपुरा, असं माझं ठाम मत आहे.

उलट दिशेचा मुक्कामही लक्षात घ्यावा. चित्रकार भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वारली पाड्यांवर जाऊन राहिले आणि लग्नाच्या चौकाची भिंतीवरची चित्रं कागदावर आली. त्याआधी ते बिहारच्या दुष्काळात मिथिलेत गेले होते. त्यांच्या पाड्यावरच्या मुक्कामाला कुणी रेसिडेन्सी म्हटलं नाही. २००३ मध्ये रिचर्ड लाँग हा इंग्रज कलावंत वारल्यांच्या मुलखात येऊन म्हसे यांच्यासोबत काम करून गेला, तेव्हा मात्र जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात प्रदर्शन झालं. दोन्ही मुक्काम शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. कुणाच्या राहण्याला नाव मिळतं आणि कुणाचं राहणं नुसतंच राहणं ठरतं, हे तिथे दिसतं.

या पुस्तकातल्या पहिल्या चार प्रकरणांत हिमालय आहे, नंतरच्या दोन प्रकरणांत जपान आणि शेवटी सह्याद्री. सह्याद्रीचं प्रकरण सर्वांत छोटं आहे, कारण तिथली सामग्री विखुरलेली आहे. कुणाच्या गावच्या घरात मित्रमंडळी जमून पावसाळाभर चित्रं करतात, कुणी शेतात एखादी खोली बांधून नाटकाच्या तालमींना देतात. याची नोंद ना कुठल्या अहवालात सापडते, ना कुठल्या सूचीत. तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्याकडे अशा मुक्कामाच्या जमाखर्चाची वही, किराण्याची यादी, टँकरची पावती, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या हजेरीचा कागद पडून असेल, तर तो रद्दीत घालू नका. चित्रं आणि कविता कुणी ना कुणी जपतंच. हे कागद प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवा. छायाप्रती काढून मूळ कागद नोंदणीकृत टपालानं परत करीन, टपालखर्च माझा.